‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ : एका प्रवाहाच्या नावाचा इतिहास

समुद्रात कोणी बुडाले की मराठी वर्तमानपत्रात एक वाक्य ठरल्यासारखे येते : ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’. वाक्य लहान आहे, सभ्य आहे, आणि त्यात कोणालाही दोष दिलेला नाही. तरीही ते दिशाभूल करते असे माझे मत आहे. ते वाचून मनात चित्र उभे राहते ते खोलीचे. पाय ठेवला तिथे तळ नव्हता, एवढेच आपण समजतो. पाणी स्वतः कुठे तरी चालले होते आणि ते माणसाला सोबत घेऊन गेले, ही गोष्ट त्या वाक्यात येतच नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतले १४ जण बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या सहलीतले ८ जण गेले. १० डिसेंबर २०२४ रोजी मुर्डेश्वरला कोलार जिल्ह्यातल्या मुळबागल भागातील निवासी शाळेच्या ४ मुली गेल्या. प्रत्येक घटनेत पाण्याने नेमके काय केले हे दुरून सांगणे शक्य नाही, आणि तसा माझा दावाही नाही. पण एक साम्य लपत नाही. पुणे, बेळगाव, कोलार ही सारी पठारावरची गावे. कोकणच्या भाषेत सांगायचे तर ही सगळी माणसे घाटावरची. समुद्र त्यांच्या शेजारी कधी नव्हता; तो सहलीत भेटला, तोही दोन तासांसाठी.

जगभरच्या वाळूच्या किनाऱ्यांवर सर्वाधिक माणसे ज्या एका गोष्टीमुळे संकटात सापडतात, तिला इंग्रजीत रिप करंट म्हणतात. मराठीत तिला रूढ शब्द नाही. या लेखापुरता मी ‘ओढप्रवाह’ म्हणते. लाटांनी किनाऱ्याशी आणून टाकलेले पाणी एका अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे परत जाते, तो हा प्रवाह. त्याला योग्य नाव मिळायला विज्ञानालाही बराच काळ लागला, आणि ती हकिकत आपल्या बातमीतल्या वाक्याशी थेट जोडलेली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्रजी भाषकांमध्येही दोनच शब्द प्रचलित होते. एक ‘अंडरटो’, म्हणजे तळाशी ओढणारे पाणी. दुसरा ‘रिप टाइड’, म्हणजे भरती-ओहोटीचा फाडून नेणारा लोंढा. मुळात करमणुकीसाठी समुद्रस्नान हीच नवी चाल होती. ऑस्ट्रेलियात दिवसाउजेडी समुद्रात उतरण्यावर असलेली बंदी १९०२ च्या सुमारास मोडली आणि १९०७ पर्यंत तिथे जीवरक्षकांच्या संघटना उभ्या राहू लागल्या. माणसे बुडू लागली तसा प्रश्न विद्वानांपर्यंत पोहोचला. भूरूपशास्त्रात ज्यांचे नाव आजही अभ्यासक्रमात असते त्या विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी १९२५ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात अंडरटोवर लिहिले, आणि त्यानंतर काही वर्षे हा वाद त्या पानांवर अधूनमधून चालू राहिला. माणसाला खाली ओढणारे पाणी खरोखर असते का, असले तर ते कुठून येते, यावर एकमत होईना. किनाऱ्यावरचे जीवरक्षक मात्र रोज त्या पाण्यातून माणसे बाहेर काढत होते.

१९३६ मध्ये सागरी भूवैज्ञानिक फ्रान्सिस शेपर्ड यांनी त्याच साप्ताहिकात एक छोटे टिपण लिहिले. त्याचे शीर्षकच प्रश्नासारखे होते : याला अंडरटो म्हणायचे, रिप टाइड म्हणायचे की रिप करंट? त्यांनी तिसऱ्या नावाची बाजू घेतली. हा प्रवाह भरती-ओहोटीमुळे निर्माण होत नाही, म्हणून ‘टाइड’ चूक. तो माणसाला तळाशी नेत नाही, बाहेर नेतो, म्हणून ‘अंडर’ही चूक. तळालगत समुद्राकडे जाणारा एक परतीचा प्रवाह लाटांखाली असतोच आणि शास्त्रज्ञ आज त्यालाच अंडरटो म्हणतात. पण पोहणाऱ्याला शंभर मीटर आत घेऊन जाणारे पाणी ते नव्हे.

ही नावाची चर्चा कोणाला शब्दच्छल वाटेल. मला तसे वाटत नाही. पाणी आपल्याला खाली ओढते आहे असे ज्याला वाटते, तो वर राहण्यासाठी हातपाय झाडतो आणि मिनिटाभरात दमतो. हे ओहोटीचे काम आहे असे ज्याला वाटते, तो भरतीची वेळ पाहून निर्धास्त होतो. प्रवाह बाहेर जातो आहे, अरुंद आहे आणि पुढे विरून जातो, एवढे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तरंगत राहण्याचा धीर होतो. चुकीच्या नावापोटी चुकीचा उपाय जन्मतो. ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ या वाक्यावर माझा आक्षेप आहे तो याच कारणाने.

शेपर्ड यांनी पुढे केनेथ एमरी आणि युजीन लाफाँड यांच्यासह कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हे प्रवाह प्रत्यक्ष मोजले. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या प्रवाहाची शरीररचना प्रथमच स्पष्ट झाली. किनाऱ्याला समांतर वाहत येऊन पाणी पुरवणारे दोन्ही बाजूंचे ओघ, मग समुद्राकडे धावणारी अरुंद मान, आणि लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे पसरून विरणारे डोके. आजही पाठ्यपुस्तकांत हेच तीन भाग सांगितले जातात.

या त्रयीतले तिसरे नाव भारतीय वाचकाने लक्षात ठेवावे. लाफाँड १९५० च्या दशकाच्या प्रारंभी फुलब्राइट प्राध्यापक म्हणून विशाखापट्टणमजवळच्या वाल्टेअरला, आंध्र विद्यापीठात आले. भारतातील विद्यापीठीय समुद्रविज्ञानाची सुरुवात ज्या थोड्या ठिकाणांहून झाली, त्यांपैकी हे एक. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन बंगालच्या उपसागराचे पाणी, त्याचे तापमान, त्याचे प्रवाह यांचा अभ्यास मांडला. वाल्टेअरची वाळू ऋतूप्रमाणे कशी येते-जाते यावर प्रसाद राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ओढप्रवाहाचे पहिले नीट मोजमाप करणाऱ्यांपैकी एक जण सत्तर वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर उभा राहून आपल्याच विद्यार्थ्यांना वाळू वाचायला शिकवत होता. ज्ञान परदेशात अडकून पडले होते, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

मग ते वाळूवरून सहलीच्या बसपर्यंत का पोहोचले नाही? एक कारण आपल्या समुद्रविज्ञानाच्या वाटचालीत आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम १९६५ मध्ये संपली आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे तिचे घर आहे. तरुण देशाने समुद्राकडे पाहिले ते खोल पाण्याच्या दिशेने : मान्सून, मासळी, खनिजे. १९८१ च्या प्रजासत्ताकदिनी ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून बहुधात्विक गोटे वर आणले, तो क्षण योग्यच अभिमानाचा होता. पण ज्या पट्ट्यात पाणी गुडघ्यापासून छातीपर्यंत असते आणि लाटा फुटतात, तिथे जहाज जाऊ शकत नाही, उपकरण टिकत नाही आणि अभिमानाचा प्रसंगही घडत नाही. तो पट्टा मागे पडला. पुढे विशाखापट्टणम, गोवा, केरळ इथे ओढप्रवाहांचा अभ्यास झाला. पण तो शोधनिबंधांच्या बाहेर फारसा आला नाही.

दुसरे कारण समाजाचे. कोळी समुद्रावर जातो तो कामाला. उधाण कधी, भांग कधी, हे त्याला तिथीवरून कळते आणि नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात लोटण्याची घाई तो करत नाही. पण कंबरभर पाण्यात तासभर उभे राहून लाटा अंगावर घेण्याचे त्याला काही कारण नाही. ओढप्रवाहाचा बळी ठरतो तो नेमका तसे उभा राहणारा. ही माणसे कोकणात मोठ्या संख्येने येऊ लागली ती अलीकडे. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली १९९८ मध्ये. परंपरेने आपल्याला पर्वस्नान दिले, होड्या दिल्या, शब्द दिले. सहलीला आलेल्या मुलांना पाण्यात कुठे उतरवायचे, हे मात्र तिने सांगितले नाही, कारण तो प्रश्नच पूर्वी नव्हता.

आता पाणी परत का फिरते ते पाहू. माझा विषय भौतिकशास्त्र असल्यामुळे इथे थोडे रेंगाळण्याची मुभा घेते. शेपर्ड यांनी प्रवाह दाखवला, मोजला. पण लाट त्याला जन्म कशी देते याचे नेमके गणित १९६० च्या दशकात मिळाले. मायकेल लाँगेट-हिगिन्स आणि रॉबर्ट स्ट्युअर्ट यांनी १९६४ मध्ये दाखवले की लाट केवळ ऊर्जा नव्हे, संवेगही वाहून आणते. लाट फुटते तेव्हा हा संवेग नाहीसा होत नाही, पाण्याला मिळतो, आणि किनाऱ्यालगत पाण्याची सरासरी पातळी थोडी वर चढते. जिथे मोठ्या लाटा फुटतात तिथे ती अधिक चढते, जिथे लहान तिथे कमी. मग पाणी उंच भागाकडून सखल भागाकडे किनाऱ्याच्या कडेने वाहू लागते आणि जिथे दोन्हीकडचे पाणी एकत्र येते तिथून समुद्राकडे फुटते. १९६९ मध्ये अँथनी बोवेन यांनी याच कल्पनेतून ओढप्रवाहाचा सिद्धांत बांधला.

शेतात वाफ्याला पाणी दिलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. वाफा भरला की पाणी बांधावर सारखे चढत नाही. बांध जिथे खचलेला असतो तिथेच ते फुटते आणि फुटल्यावर ती जागा आणखी खणते. किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली वाळूचा बांध असतो. त्यातली खिंड हाच ओढप्रवाहाचा दरवाजा. पाणी त्या खिंडीतून जाते, खिंड खोल होते, खोल झाल्यामुळे तिथे लाटा फुटत नाहीत, आणि फुटत नाहीत म्हणून पाण्याला तिथूनच जाणे सोपे पडते. ओहोटीला बांधावरचे पाणी उथळ होते, तेव्हा सगळा भार खिंडीवर येऊन हा प्रवाह बहुधा जोर धरतो. म्हणजे भरती-ओहोटी त्याची जननी नसली तरी त्याचा जोर ती ठरवते. खडक, टेकडी, जेटी यांच्या कडेलाही असाच प्रवाह तयार होतो. वाळूची खिंड एखाद्या वादळात हलते, खडकालगतचा प्रवाह मात्र जागा सोडत नाही. कोकण आणि उत्तर कन्नडचे किनारे पाहा : दोन टेकड्यांच्या मध्ये चंद्रकोरीसारखी वाळू आणि दोन्ही टोकांना काळे खडक. छायाचित्रासाठी माणसे नेमकी त्या टोकांना जातात.

वेग सामान्यतः सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. तेवढाही सामान्य पोहणाऱ्याला पुरून उरतो. जोराच्या लाटांत तो दोन मीटरच्या पुढे जाऊ शकतो. १०० मीटर पोहण्याचा जागतिक विक्रम करणाऱ्याचा सरासरी वेगही साधारण तेवढाच असतो, आणि तोही एका मिनिटापेक्षा कमी वेळ, शांत तलावात.

यातला सर्वांत क्रूर भाग असा की ओढप्रवाह दिसायला सुरक्षित असतो. दोन्हीकडे लाटा फेसाळत फुटत असतात आणि मधे एक शांत, जरा गडद पट्टा असतो. लहान मुलाला घेऊन आलेला बाप कुठे उतरेल? त्या शांत पट्ट्यात. अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या पाहण्यांमध्ये लोकांना छायाचित्रे दाखवून सुरक्षित जागा निवडायला सांगितले, तेव्हा पुष्कळांनी ओढप्रवाहाचीच जागा निवडली. म्हणून किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे पाण्यात न उतरता, शक्यतो उंचवट्यावरून पाण्याकडे पाहावे. लाटांची पांढरी रेघ कुठे तुटते? फेस, काडीकचरा किंवा गढूळ वाळू कुठे समुद्राकडे निघाली आहे? पृष्ठभाग एखाद्या पट्ट्यातच खडबडीत, उकळल्यासारखा दिसतो का? यातले एकही चिन्ह दिसले तर ती जागा सोडावी. आणि काहीच दिसले नाही तर तिथे प्रवाह नाही असा अर्थ काढू नये. जीवरक्षकालाही कधी कधी तो दिसत नाही.

आत सापडल्यावर काय करावे, हा प्रश्न विज्ञानाने अजून पूर्ण मिटवलेला नाही, आणि ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अनेक दशके एकच सल्ला दिला जात होता : प्रवाहाविरुद्ध पोहू नका, किनाऱ्याला समांतर पोहा. २०१० मध्ये जेमी मॅकमहन आणि सहकाऱ्यांनी उपग्रह-दिशादर्शक बसवलेले तरंगक पाण्यात सोडून दाखवले की अनेक ठिकाणी हे पाणी सरळ समुद्रात जात नाही. ते भोवऱ्यासारखे फिरून बहुतांश वेळा पुन्हा उथळ बांधावर येते. मग नुसते तरंगत राहणेच बरे नाही का, अशी चर्चा सुरू झाली. ऑस्ट्रेलियात माणसांना प्रत्यक्ष प्रवाहात सोडून दोन्ही उपाय तपासले गेले. हमखास असा एकही ठरला नाही. तरीही दोन गोष्टींवर सर्वांचे एकमत आहे. पाण्याशी झुंजून दमायचे नाही. पाठीवर तरंगत श्वास राखायचा आणि हात वर करून मदत मागायची. पोहता येत असेल आणि दम शिल्लक असेल, तर जिथे लाटा फुटत आहेत त्या बाजूला जायचे, कारण लाटा फुटतात तिथे पाणी उथळ असते.

पण हा सारा सल्ला पोहता येणाऱ्यांसाठी आहे. आपल्या सहलींतल्या बहुतेकांना पोहता येत नाही, अंगात जीन्स किंवा साडी-ओढणी असते आणि सोबतीला दोन शिक्षक. परदेशी फलकांचे भाषांतर करून आपले काम भागणार नाही. न पोहणाऱ्यासाठी नियम एकच : गुडघ्याच्या वर पाणी नको, आणि जीवरक्षक नसेल तिथे तेवढेही नको. एक जण ओढला गेला की मित्र हातात हात घालून साखळी करतात, आणि एकाचे चार होतात. धाडसापेक्षा पाण्याचा रिकामा डबा, दोर, फुगवलेली ट्यूब, बंद केलेली मोठी प्लास्टिकची बाटली यांनी अधिक जीव वाचतात. ती वस्तू फेकावी, बुडणाऱ्यावरची नजर हलवू नये, आणि ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा. बुडणारा माणूस चित्रपटातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याशी, मान मागे, आवाज नाही. पाहणाऱ्याला तो खेळतो आहे असेच वाटते.

व्यवस्थेने काहीच केले नाही असे मात्र नाही. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक नेमले. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहण्याची आणि लाल झेंडा म्हणजे मनाई, हे तिथे निदान दिसते तरी. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही राष्ट्रीय संस्था लाटांचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. त्यात केरळात ‘कल्लक्कडल’ म्हणतात त्या फसव्या लाटांचाही इशारा असतो. दक्षिण महासागरातल्या वादळाने उठवलेल्या या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून येतात. इथे आकाश निळे, वारा मंद, आणि पाणी अचानक चढते. मे २०२४ मध्ये असा इशारा दिलेला असताना कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर ५ तरुण वैद्यकीय विद्यार्थी गेले. विज्ञान वेळेवर बोलले होते. ते बोलणे त्या वाळूवर कोणी ऐकवले नाही.

मी राहते ते बसवनगुडी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. दर शुक्रवारी रात्री याच शहरातून गोकर्ण, मुर्डेश्वर, गोव्याकडे बसगाड्या भरून निघतात. इथल्याच नॅशनल कॉलेजात भौतिकशास्त्रज्ञ एच. नरसिंहय्या यांनी १९६२ मध्ये बेंगळुरू सायन्स फोरम सुरू केला; सामान्य माणसाने विज्ञानाच्या व्याख्यानाला येऊन बसावे ही सवय या भागाला त्यातून लागली. ओढप्रवाहाचे शिक्षण किनाऱ्यावरच्या गंजलेल्या फलकावर सोपवून आपण चूक करतो आहोत असे मला वाटते. बस जिथून सुटते तिथे ते हवे : पुण्यात, बेळगावात, कोलारात, सहलीच्या परवानगीच्या अर्जासोबत, आदल्या दिवशी वर्गात फळ्यावर काढलेल्या बांधाच्या आणि खिंडीच्या चित्रात. त्याला अर्धा तास लागतो.

आणखी एक साधी गोष्ट राहिली आहे. देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे पाण्यात बुडून मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. त्यांचे वर्गीकरण होडी उलटून, पाण्यात पडून आणि इतर असे आहे. समुद्रात पोहताना, लाटांत, ओढप्रवाहात असा रकाना त्यात नाही. शेपर्ड यांनी १९३६ मध्ये ज्याला नाव दिले, ते पोलीस पंचनाम्यात आणि त्यावरून लिहिलेल्या बातमीत अजून उतरायचे आहे. वार्ताहर मित्रांना एवढीच विनंती : पुढच्या वेळी ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ लिहिण्याआधी जागेवरच्या कोळ्याला किंवा जीवरक्षकाला विचारा, पाणी त्या वेळी कोणत्या दिशेने चालले होते.